एका अंगणातल्या दोन कोजागिऱ्या

खुले पत्र : परदेशी विद्यापीठांमधल्या मराठी आणि भारतीय विद्यार्थी मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना

मुलामुलींनो, सप्रेम नमस्कार.

६ ऑक्टोबर २०२५, सोमवारची रात्र. आमच्या विद्यापीठाच्या वसतिगृहामागे, गाड्या लावतात त्याच्या पलीकडच्या हिरवळीवर इथल्या मंडळाने कोजागरी केली होती. मलाही बोलावलं होतं. भल्यामोठ्या पातेल्यात आटवलेलं दूध, कुणाच्या तरी आईने पाठवलेलं केशर, मिक्सरवर केलेली बदाम-पिस्त्याची पूड. उत्तर इंग्लंडातलं आभाळ, त्यामुळे चंद्र मधेच दिसायचा, मधेच ढगात जायचा, आणि दिसला की सगळी पोरं एकदम ओरडायची. सायकली ठेवायच्या शेडपलीकडूनही तसाच ओरडा येत होता. मला वाटलं, आपलीच काही मुलं तिकडे बसली असतील. दुधाचा कप हातात घेऊन बघायला गेले.

तिथे पंधरा-वीस चिनी विद्यार्थी चादरी अंथरून बसले होते. मधे मूनकेक, म्हणजे आत सारण भरलेले त्यांचे सणाचे केक, प्रत्येकाचे चार चार तुकडे केलेले. थर्मासात चहा. त्यांच्या पंचांगातल्या आठव्या महिन्याची पौर्णिमा म्हणजे त्यांचा शरदातला चंद्राचा सण. घरापासून लांब असलेल्याने आपल्या माणसांची आठवण काढायची ती ही रात्र. एरवी ही पौर्णिमा बहुतेकदा आपल्या भाद्रपदात पडते. त्या वर्षी त्यांच्याकडे अधिक महिना आला, आणि त्यांची ती रात्र नेमकी आपल्या कोजागरीवर येऊन टेकली.

शेडच्या दोन्ही बाजूंना मिळून निदान आठजण एकाच वर्गातले होते, फायनान्सच्या मास्टर्सचे. मी दोन्हीकडे विचारलं. पलीकडे कोण बसलंय हे एकालाही माहीत नव्हतं.

त्या रात्रीपासून हे पत्र डोक्यात आहे.

मी इथे एकोणीस वर्षं शिकवते. जुलै उजाडला की बाहेरदेशांतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यापीठात लागणाऱ्या इंग्रजीचे उन्हाळी वर्ग सुरू होतात, प्री-सेशनल म्हणतात त्यांना. माझ्या वर्गातल्या वीस मुलांत सतरा-अठरा चीनमधली असतात. म्हणजे तुम्ही सप्टेंबरात ज्यांना पहिल्यांदा बघता, त्यांच्याबरोबर माझे दहा आठवडे आधीच झालेले असतात. आणि मग नोव्हेंबर आला की तुमच्यातलं कुणी ना कुणी माझ्याकडे येऊन तेच वाक्य म्हणतं : "ताई, ते लोक मिसळतच नाहीत."

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. इंग्रज प्राध्यापकांकडून ऐकलंय, ग्रीक मुलांकडून ऐकलंय, आणि आपल्याबद्दलही ऐकलंय. तीच खंत, फक्त 'ते लोक' म्हणजे आपण.

पहिल्या दिवशी काय होतं ते आधी बघा. वर्ग सुरू व्हायच्या आधीच व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार होतो. तो करणारा आपलाच कुणीतरी असतो, उत्साही, मदतीला तत्पर. खोली, बँकेचं खातं, स्वस्त तांदूळ कुठे मिळतो, कुठला विषय घ्यायचा, सगळं त्या ग्रुपवर. २०१७ पासून चीनमध्ये व्हॉट्सॲप चालत नाही. तिथून आलेल्या मुलाच्या फोनवर ते नसतंच. त्याचा ग्रुप वीचॅट या चिनी ॲपवर असतो, तोही तितकाच गजबजलेला. आणि वीचॅट आपल्या मुलांच्या फोनवर नसतं, कारण २९ जून २०२० ला भारत सरकारने जी ५९ ॲप बंद केली त्यात टिकटॉकच्या जोडीला वीचॅटही होतं. इथे येऊन घ्यायचं म्हटलं, तर नवं खातं उघडताना अनेकदा आधीपासून वीचॅट वापरणाऱ्या कुणीतरी स्वतःच्या फोनवरून तुमचा कोड स्कॅन करून द्यावा लागतो. चिनी मित्र नाही तर वीचॅट नाही, आणि वीचॅट नाही तर चिनी मित्र होणार कसा? दोन सरकारांनी आपापल्या कारणांनी दोन दारं लावली, आणि त्याचा परिणाम तिसऱ्याच देशातल्या एका वर्गावर होतो. एकमेकांचं तोंड बघायच्या आधी वर्ग दोन फोनांत वाटला गेलेला असतो. मिसळायला कुणी नकार दिलेलाच नसतो. तेवढी वेळच आलेली नसते.

पुढचं काम विद्यापीठ करतं. व्यवस्थापन, मार्केटिंग, फायनान्स या मास्टर्सच्या वर्गांत कितीतरी ठिकाणी निम्म्याहून जास्त मुलं चीनची असतात. बाहेरच्या मुलांची फी मोठी, म्हणून वर्ग भरले जातात, पण त्या मुलांनी कुणाशी बोलावं, कुठे बसावं याचा विचार कुणी केलेला नसतो. एक वर्षाचा अभ्यासक्रम. त्यात चीनमधल्या कंपन्यांची पुढच्या वर्षाची भरती शरद ऋतूत असते, म्हणजे हा मुलगा इथे बॅगा उघडतो त्याच महिन्यात त्याला तिकडचे अर्ज भरायला लागायचं असतं. तुमच्यापैकी बहुतेकांना इथे शिक्षणानंतरचा व्हिसा घेऊन राहायचंय, म्हणून तुम्ही आठवड्याचे वीस तास काम करता, ओळखी वाढवता. त्यांच्यातल्या बहुतेकांना परत जायचंय. घड्याळंच वेगळी चालतात. याबद्दल विद्यापीठाला मी वेगळं लिहिते, इंग्रजीत, दर वर्षी, आणि लिहीत राहणार आहे. पण त्यांची समिती बसेपर्यंत तुमचं वर्ष संपलेलं असेल. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

वर्गात ती मुलं बोलत नाहीत, ही दुसरी तक्रार. २०२४ साली चीनच्या गाओकाओला, म्हणजे त्यांच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेला, १ कोटी ३४ लाखांहून जास्त मुलं बसली होती. आपल्याकडच्या जेईई-नीटवाल्या घरांना त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. त्या शिस्तीतून आलेला मुलगा उत्तराची खात्री असल्याशिवाय हात वर करत नाही, आणि इथे तर अर्धं वाक्य डोक्यात आलं की बोलायला सुरुवात करणाऱ्याला हुशार म्हणतात. तो चिनीतून विचार करून, इंग्रजीत जुळवून, काळ तपासून तोंड उघडेपर्यंत चर्चा दोन मुद्दे पुढे गेलेली असते.

मला हे कुणी सांगावं लागलं नाही. मी वेंगुर्ल्याहून पुण्याला शिकायला गेले ती मराठी शाळेतून. पहिले सहा महिने वर्गात मी एक शब्द बोलले नाही. उत्तरं यायची, पण ती इंग्रजीत मांडेपर्यंत पुढच्या बाकावरची मुलगी मोकळी झालेली असायची. एका बाईंनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुला ऐकू येतं ना?" मला ऐकू येत होतं. आजही वर्गात एखादी चिनी मुलगी वहीत मान घालून बसलेली दिसली की मला ते बाक आठवतं. तुमच्यातही तशी बाकं आठवणारी मुलं आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. जिल्ह्याच्या गावांतून, मराठी माध्यमातून आलेली. ती मंडळात मागे असतात. त्यांना पुढे करा. या कामाला त्यांच्याइतकं योग्य कुणी नाही.

आता एक जुनी गोष्ट सांगते. १९०९ साल, न्यूयॉर्क. वायएमसीएमध्ये काम करणारा हॅरी एडमंड्स नावाचा तरुण कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवरून जात होता. समोरून आलेल्या एका चिनी विद्यार्थ्याला तो सहज 'गुड मॉर्निंग' म्हणाला आणि पुढे गेला. मग काहीतरी वाटून मागे वळला, तर तो मुलगा तिथेच थांबलेला. तो म्हणाला, मला न्यूयॉर्कला येऊन तीन आठवडे झाले, माझ्याशी बोललेले तुम्ही पहिलेच.

एडमंड्सने घरी जाऊन ते बायकोला, फ्लॉरेन्सला सांगितलं. दोघांनी ठरवून परदेशी मुलांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. एवढंच. मोठी योजना नाही, समिती नाही. त्या रविवारच्या जेवणांतून पुढे संस्था उभी राहिली, आणि १९२४ साली रॉकफेलरांच्या देणगीतून न्यूयॉर्कचं इंटरनॅशनल हाउस झालं. देशोदेशीच्या मुलांनी एका छपराखाली राहावं म्हणून बांधलेलं ते घर आजही चालू आहे.

त्याच कोलंबियात १९१३ साली आपले बाबासाहेब शिकायला गेले. सुरुवातीच्या दिवसांत काही काळ ते ११४ व्या रस्त्यावरच्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये, म्हणजे देशोदेशीच्या विद्यार्थ्यांच्या क्लबमध्ये, राहिले, मग नवल भथेना या पारशी मित्राबरोबर. ती मैत्री जन्मभर टिकली. १९१५ साली तिथे हू शी आले. कॉर्नेलमध्ये असताना तिथल्या कॉस्मोपॉलिटन क्लबचे ते अध्यक्ष होते, आणि पुढे चीनमध्ये बोलीभाषेत लिहिण्याची चळवळ ज्यांनी उभी केली त्यांच्यात त्यांचं नाव पहिलं. आंबेडकर आणि हू शी, दोघेही तत्त्वज्ञ जॉन ड्यूईंचे विद्यार्थी, १९१५-१६ च्या वर्षात एकाच आवारात. १९३० साली बाबासाहेबांनी कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात लिहिलं, की आयुष्यात मला लाभलेले सर्वांत चांगले मित्र म्हणजे कोलंबियातले काही वर्गमित्र आणि तिथले माझे थोर प्राध्यापक. ज्यांना स्वतःच्या देशात पाण्याला शिवू दिलं जात नव्हतं त्यांनी हे लिहिलंय. परक्या विद्यापीठात कुणी आपल्याशी माणसासारखं बोलणं म्हणजे काय, ते आपल्याला दुसऱ्या कुणाकडून शिकायची गरज नाही.

आणि तरी मला पुढचं लिहावं लागतंय. लिहिताना त्रास होतोय, पण वगळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या उन्हाळी वर्गातली एक मुलगी नाताळाआधी मला भेटायला आली. आठ खोल्यांना एक स्वयंपाकघर अशा घरात ती राहत होती. त्यात चार आपली मुलं, दोन मराठी. अभ्यासाचं बोलून झालं आणि निघताना तिने विचारलं, "चिंने सुरू होणारा एक शब्द आहे, तो काय आहे? मी आत गेले की ते आपापसात बोलतात, त्यात तो येतो." तिने तो बरोबर उच्चारूनही दाखवला. कान तयार असतात त्यांचे, त्यांच्या भाषेत स्वर बदलला की अर्थ बदलतो.

मी तिला खरं सांगितलं. ती 'थँक यू' म्हणाली आणि गेली. मार्चपर्यंत ती स्वयंपाकघरात जेवली नाही, खोलीत भाताचं कुकर ठेवून त्यातच सगळं शिजवत होती. हे मला नंतर कळलं.

तो शब्द वापरणारा मुलगा वाईट नव्हता. हा शब्द तो लहानपणापासून ऐकत आला होता, पुण्यात ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलांच्या पाठीवर फेकला जाताना ऐकला होता. मराठीत बोललं की कुणाला कळत नाही, असा त्याचा समज. मी त्याला बोलावून सांगितलं तेव्हा तो रडला. पण मार्चपर्यंतचे महिने परत आले नाहीत. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय मुलांना मारहाण होत होती तेव्हा आपल्या घराघरांतून केवढा संताप होता, आठवत नसेल तर आईवडिलांना विचारा. फेब्रुवारी २०२० मध्ये लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सिंगापूरच्या एका चिनी वंशाच्या विद्यार्थ्याला करोनाचं नाव घेऊन तोंड फुटेपर्यंत मारलं. मारणाऱ्याने त्याचा पासपोर्ट बघितला नव्हता. आपला तरी कोण बघतं? हा शब्द मंडळाच्या ग्रुपवर दिसला तर त्याच मिनिटाला थांबवा. पदाधिकारी म्हणून ते तुमचं काम आहे.

गलवानचं काय, असं तुमच्यातलं कुणीतरी विचारेल. जून २०२० मध्ये आपले वीस जवान गेले, ते विसरा असं मी म्हणत नाही. पण समोर बसलेली बावीस वर्षांची मुलगी चीन सरकारची वकील नाही. तिला पहिल्या भेटीत सीमेवरून, तैवानवरून जाब विचारू नका. आपल्याला कुणी पहिल्याच ओळखीत "तुझी जात कुठली" म्हणून विचारलं तर पोटात कसं होतं? शिवाय तिला बोलायचं असलं तरी बोलता येतंच असं नाही. मे २०२४ मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने युरोप-अमेरिकेतल्या चिनी आणि हाँगकाँगच्या विद्यार्थ्यांशी बोलून एक अहवाल काढला. परदेशातही आपल्यावर नजर आहे, आपल्या बोलण्याची झळ घरच्यांना लागेल, ही त्यांतल्या अनेकांची भीती. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमधल्या उरुमची शहरात एका इमारतीला आग लागून माणसं गेली तेव्हा कितीतरी विद्यापीठांत चिनी मुलं निषेध म्हणून हातात कोरे कागद धरून उभी राहिली, तोंड झाकून. आमच्याकडेही होती. माझ्या वर्गातली एक मुलगी डोळ्यांवरून ओळखू आली. मी ओळख दाखवली नाही. कोणापासून लपायचंय तर आपल्याच माणसांपासून, हा एकटेपणा आपल्या वाट्याला आलेला नाही. अशा मुलीला आपल्या देशाबाहेरचा, काहीही सिद्ध करून न मागणारा एक मित्र असणं फार मोठं असतं. ती जे सांगेल ते तिच्या परवानगीशिवाय पुढे सांगू नका, फोटो टाकताना विचारा.

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण मैत्री झालेली मी तिथेच पाहिली आहे.

मी घरून येताना तिरफळं आणते. वेंगुर्ल्याकडे बांगड्याचं तिखलं त्याशिवाय होत नाही. एकदा उन्हाळी वर्गाच्या सुट्टीत डबा उघडला, तर सिचुआन प्रांतातल्या चेंगडूची एक मुलगी तीन बाकं ओलांडून आली. वर्गात महिनाभर जिचा आवाज ऐकला नव्हता ती. म्हणाली, "हा माझ्या घरचा वास आहे." त्यांचं ह्वाज्याव, म्हणजे सिचुआनची मिरी, आणि आपलं तिरफळ ही एकाच कुळातली झाडं, झँथोझायलम. जिभेला येणारी ती झिणझिणी सिचुआनच्या डोंगरांत आणि कोकणात सारखीच. गाड्यावरच्या ज्या लाल चटणीला आपण 'शेजवान' म्हणतो, ते तिच्या प्रांताचं नाव. त्या चटणीत ह्वाज्याव नसतंच म्हटलं तरी चालेल, पण तिखल्यात त्याचं भावंड आहे. आम्ही दोघींनी एकेक फळ चावलं आणि जीभ बधिर करून बसलो. त्या दिवशी ती तासभर बोलली. काळ चुकले, कुणी मोजले नाहीत. आता ती शांघायला असते, दर वर्षी मला तिच्या वर्षारंभाला फोन करते.

हल्लीच्या चिनी मुलांत एक शब्द चालतो, 'दाझ'. मित्र नव्हे, एकाच कामापुरता सोबती. जेवायला बरोबर जाणारा तो फान-दाझ. नातं जोडण्याचं ओझं नाही, फक्त बुधवारी एकला आपण बरोबर जेवतो, एवढंच. तुम्हाला मी पहिल्या दिवशी जिवलग व्हा म्हणत नाही. दाझ व्हा.

मंडळ म्हणून काय करता येईल, तर वर्गाचा ग्रुप जिथे सगळ्यांचे फोन चालतात तिथे करा. विद्यापीठाचं टीम्स कंटाळवाणं वाटलं तरी ते दोघांकडे आहे. व्हॉट्सॲपवरच ठेवायचा असेल तर पहिल्याच तासाला चिनी वर्गमित्राशेजारी बसून त्याच्या फोनवर ते घालून द्या, आणि त्याला तुमचं वीचॅट उघडून द्यायला सांगा. गटाचं काम असेल तर मुद्दे आदल्या दिवशी लिहून पाठवा. बोलायला सवड मिळाली की कोण किती तयारीचं आहे ते कळेल. नाव विचारताना त्याचं इंग्रजी नाव घेऊन थांबू नका, घरचं नाव विचारा, दोनदा म्हणून बघा. त्यांच्याकडे आडनाव आधी येतं. आपल्या नावांचं इथे काय होतं ते तुम्ही रोज ऐकता. स्वयंपाकघरात तिसरं माणूस आलं की मराठीवरून इंग्रजीवर या. मला मराठी किती प्रिय आहे ते या पत्रावरून दिसतंच आहे, तरी हे सांगते.

आणि तुमच्यासारखंच त्यांचंही मंडळ असतं, जवळजवळ प्रत्येक विद्यापीठात. विमानतळावर नव्या मुलांना घ्यायला जाणं, खोल्या मिळवून देणं, सगळं ते करतात. त्यांच्या पदाधिकाऱ्यांना एक साधा निरोप पाठवा. माझ्या इतक्या वर्षांत, या दोन मंडळांनी एकमेकांना पत्र लिहिल्याचं मी पाहिलेलं नाही. २०२२-२३ साली ब्रिटनमध्ये आपली मुलं १ लाख ७३ हजार होती, त्यांची १ लाख ५४ हजार. अमेरिकेतही २०२३-२४ ला हेच दोन आकडे सगळ्यांत वर होते. इंग्रज किंवा अमेरिकन मुलं आपल्याला कधी जवळ करतील याची वाट आपण दोघंही पाहतो, वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसून.

२०२६ साली २५ सप्टेंबरला, शुक्रवारी, आपली अनंत चतुर्दशी आहे आणि त्याच दिवशी त्यांचा चंद्राचा सण. इथल्या बहुतेक विद्यापीठांत तेव्हा नव्या मुलांचे पहिले दिवस असतील. संध्याकाळी आरती होईल, मूर्ती बादलीत विसर्जन कराल, खिरापत वाटाल. त्याच अंगणात त्यांच्या चादरी घालायला सांगा. बोलावणं ऑगस्टमध्येच पाठवा, शेवटच्या दिवशी नको. मूनकेकमध्ये पुष्कळदा खारवलेल्या अंड्याचा बलक असतो आणि पारंपरिक कृतीत डुकराची चरबीही, तेव्हा न खाणाऱ्या मुलांसाठी कमळाच्या बियांचे किंवा लाल चवळीसारख्या कडधान्याच्या सारणाचे, तेलातले आहेत का ते आधीच विचारून ठेवा. ते आनंदाने सांगतील. मोदकात काय आहे ते तुम्ही कागदावर लिहून ठेवा. आणि महिनाभराने कोजागरीला बोलावलंत तर दुधाचे कप लहान घ्या, त्यांच्यातल्या पुष्कळांना दूध पचत नाही, पण तुम्ही पुढे केलंत तर ते नको म्हणणार नाहीत.

तुमची,
वेंगुर्ल्याची, इंग्लंडात इंग्रजी शिकवणारी एक ताई